हप्त्यामागचा दिवस

शुक्रवार, ६ जून २०२५. ठाण्यातल्या एका बँकेचा गृहकर्ज विभाग.

सकाळी ९.००

पहिला तास फायलींचा. वरची फाइल घोडबंदर रोडवरच्या रीसेल फ्लॅटची आहे. बिल्डरकडून पहिल्याने घेतला, त्याने दुसऱ्याला विकला, आता तिसऱ्याला घ्यायचाय. प्रत्येक विक्रीचा नोंदणी केलेला मूळ करार हवा. नोंदणीची सूची दोन (इंडेक्स टू), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र आणि वकिलांचा सर्च रिपोर्ट, सगळं एकमेकांशी जुळायला हवं. ग्राहकांना वाटतं, बँक उगाच छळते. पण कागदांच्या या साखळीतला एक दुवा तुटला की घराची मालकीच वादात सापडते. ही तपासणी जितकी बँकेसाठी, तितकीच घेणाऱ्यासाठीही असते.

फ्लॅटची किंमत ६० लाख. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या कर्जात घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते, म्हणजे इथे फार तर ४८ लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाहीत. म्हणून मी पहिल्याच भेटीत सांगते, खिशात १२ लाख असून भागणार नाही, वरचा खर्च वेगळा काढून ठेवा.

सकाळी १०.००

रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा बोलायला लागतात. सहा जणांच्या पतधोरण समितीचा निर्णय: रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, ६ टक्क्यांवरून साडेपाच. फेब्रुवारी आणि एप्रिलमध्ये पाव-पाव टक्का उतरला होता, आज एकदम अर्धा. शिवाय बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे ठेवायची रोख राखीव रक्कम टप्प्याटप्प्याने ठेवींच्या ४ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर येणार आहे.

शेअर बाजार लगेच उसळतो, बँका आणि बांधकाम कंपन्यांचे शेअर वर जातात. त्याची बातमी होते. सरकारी रोख्यांच्या बाजाराकडे मात्र घराघरांतून कोणी पाहत नाही. वर्षाला सात रुपये व्याज देणारा शंभराचा जुना रोखा घ्या. नवे रोखे साडेसहाच देऊ लागले, तर त्या जुन्याला शंभराहून जास्त भाव येतो. व्याज उतरलं की रोख्याची किंमत चढते, ती अशी. बँकांना ठेवींच्या १८ टक्के रक्कम अशा सरकारी रोख्यांत आणि तत्सम सुरक्षित मालमत्तेत ठेवावीच लागते. त्यामुळे मिंट रोडवरच्या रिझर्व्ह बँकेच्या एका वाक्याने देशातल्या प्रत्येक बँकेचा ताळेबंद हलतो.

सकाळी ११.१५

फोन सुरू होतात. सगळ्यांचा प्रश्न एकच: "मॅडम, हप्ता कमी झाला का?"

लगेच नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधलेली असतात आणि व्याज निदान तीन महिन्यांतून एकदा नव्याने ठरतं. तुमची तारीख आली की फरक दिसेल.

त्यानंतर मी आणखी एक गोष्ट सांगते, आणि आजच्या दिवसात माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची आहे. ३० लाखांचं कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के. हप्ता २६,०३५ रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले २१,२५० व्याजात जातात, मुद्दल फिटतं ४,७८५. आता दर ८ टक्के झाला असं धरा. हप्ता कमी करून घेतला तर तो २५,०९३ होतो, महिन्याला ९४२ रुपये वाचतात. हप्ता तोच ठेवला तर कर्ज २४० ऐवजी सुमारे २२० महिन्यांत फिटतं. म्हणजे २० हप्ते भरायचेच नाहीत, पाच लाखांहून जास्त रक्कम. हप्ता कमी केल्यावर २० वर्षांत मिळून वाचतात सव्वादोन लाख.

घरात खरंच ओढाताण असेल तर ९४२ रुपयेही मोठे असतात, तेव्हा हप्ताच कमी करावा. पण झेपत असेल तर महिने कमी करून घ्या.

दुपारी १२.३०

एक निवृत्त शिक्षक येतात. त्यांची मुदत ठेव पुढच्या महिन्यात संपते. "ताई, व्याज आणखी उतरणार का?" उतरण्याचीच शक्यता जास्त, असं मी त्यांना सांगते.

सकाळपासून ज्या बातमीने कर्जदार खूश आहेत, तिनेच यांच्या औषधपाण्याच्या हिशेबाला खिंडार पडतं. यांच्यासारख्यांच्या ठेवींतूनच कर्जाचा मोठा भाग उभा राहतो. ठेव काही महिन्यांतही परत द्यावी लागते, कर्ज परत येतं २० वर्षांत. हे अंतर सांभाळणं हेच बँकेचं काम आणि हीच तिची जोखीम. सकाळी मी कागद इतक्या काटेकोरपणे का तपासते, याचं उत्तर या खुर्चीत बसलेलं असतं. एका बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण आहे, हेही मी त्यांना सांगते.

दुपारी ३.००

विम्याचं काम. नवऱ्याच्या मृत्यूनंतर एक ताई कर्जाच्या विम्याचा दावा घेऊन आल्या आहेत. अशा विम्याचं संरक्षण बहुधा कर्जाबरोबर घटत जातं. दाव्याची रक्कम आधी कर्जखात्यात जमा होते, काही उरली तर वारसाला मिळते. फॉर्म भरताना त्यांच्या नवऱ्याने मधुमेह असल्याचं लिहिलं होतं, त्यासाठी विम्याचा हप्ता थोडा जास्त पडला होता. आज तीच एक ओळ त्यांच्या कुटुंबाची सगळ्यात मोठी ढाल आहे. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पॉलिसीला तीन वर्षं झाल्यावर तिला कोणत्याही कारणाने आव्हान देता येत नाही. त्याआधी मात्र लपवलेला आजार दावा बुडवू शकतो.

नव्या कर्जदारांना तीन गोष्टी सांगते. इमारतीचा विमा आग-भूकंपासाठी असतो, कमावत्या माणसासाठी नाही, दोन्ही वेगळे. कर्जासोबत दाखवलेली पॉलिसी घ्यायलाच हवी असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही; बाहेरच्या मुदत विम्याशी तुलना करा. आणि विम्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवला तर त्यावरही २० वर्षं व्याज चालू राहतं.

दुपारी ४.३०

थकलेल्या खात्यांची यादी. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं अनुत्पादक ठरतं. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस आणि पुढे ताबा. या यादीतल्या प्रत्येकाला मी नोटिशीच्या आधी स्वतः फोन करते. नोकरी गेलेली असते, घरात आजारपण असतं. पहिल्याच थकलेल्या हप्त्याला माणूस समोर येऊन बोलला, तर पुनर्रचनेसारखा काही मार्ग निघू शकतो. तिसऱ्या महिन्यानंतर वाटा अरुंद होत जातात.

संध्याकाळी ५.३०

आज एका दांपत्याचं कर्ज फिटलं. मूळ कागद परत करायचे आहेत. डिसेंबर २०२३ पासून नियम आहे, कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत कागद द्यायचे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. एकेक करार मोजून त्यांच्या हाती देते, पोचपावतीवर सही घेते.

संध्याकाळी ६.१५

निघण्याआधी एक विनंती लिहून ठेवते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. हप्ता तोच राहिल्याने पुष्कळांना काही झालंच नाही असं वाटलं. पण पावणेसात टक्क्यांनी नुकतंच २० वर्षांचं कर्ज घेतलेल्यांचा जवळपास अख्खा हप्ता व्याजातच जाऊ लागला आणि मुदत कितीतरी वर्षं लांबली. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना बजावलं: दर बदलला की हप्ता आणि मुदतीवर काय परिणाम होईल ते ग्राहकाला कळवा, हप्ता वाढवायचा की मुदत हे त्याला निवडू द्या. दर तिमाहीला फिटलेलं मुद्दल, भरलेलं व्याज, हप्ता, व्याजदर आणि उरलेले हप्ते सांगणारं पत्रक द्या.

ते पत्रक येतं तेव्हा बाकी काही नाही तरी उरलेल्या हप्त्यांचा आकडा वाचा. मागच्या पत्रकापेक्षा तो तीनपेक्षा कमीने उतरला असेल किंवा वाढला असेल, तर त्याच आठवड्यात शाखेत या आणि कारण विचारा. कर्ज घर विकत घेण्यासाठी असतं, आणि ते घर पुरतं आपलं कधी होणार, हे त्या एका आकड्यात लिहिलेलं असतं.