हात कुठे थांबवायचा? अमेरिकेतली फिजिओथेरपीची डॉक्टरेट

आपल्याकडे फिजिओथेरपी म्हटले की शेक देणारे मशीन, खांद्यासाठी टांगलेली कप्पी आणि 'रोज दहा वेळा करा' असे बजावून हातात ठेवलेला व्यायामाचा कागद, एवढेच डोळ्यांसमोर येते. त्यामुळे नाशिकची किंवा सांगलीची बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, झालेली मुलगी 'अमेरिकेत फिजिओथेरपीची डॉक्टरेट करायचीय' म्हणाली, की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: व्यायाम शिकवायला डॉक्टरेट कशाला? प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. खुद्द अमेरिकेत या व्यवसायातल्या जाणत्यांनी त्यावर वर्षानुवर्षे वाद घातला आहे, आणि खर्चाचा विषय निघाला की आजही घालतात.

आधी एक घोळ मिटवू. 'डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी', म्हणजे डीपीटी, ही पीएचडी नव्हे. पीएचडीवाला एखाद्या प्रश्नावर संशोधन करून प्रबंध लिहितो. डीपीटीवाला रुग्ण तपासायला शिकतो. पदवीनंतर साधारण तीन वर्षांचा हा व्यावसायिक अभ्यासक्रम आहे आणि आज अमेरिकेत फिजिओथेरपिस्ट व्हायचे तर तिथल्या विद्यार्थ्याला दुसरी वाट नाही. असे अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्था तीनशेच्या आसपास आहेत. प्रवेशापूर्वी जीवशास्त्र, शरीररचना, शरीरक्रिया, रसायन, भौतिकशास्त्र, मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र हे विषय पदवीच्या पातळीवर झालेले असावे लागतात. पुष्कळ ठिकाणी एखाद्या फिजिओथेरपिस्टच्या हाताखाली उभे राहून काम पाहिल्याचे तासही मागतात. हौसेने येऊन सहा महिन्यांत कंटाळणारे विद्यार्थी त्या तासांत आपोआप गळतात.

मसाजपासून डॉक्टरेटपर्यंत

या व्यवसायाचा अमेरिकेतला जन्म पहिल्या महायुद्धातला. जखमी सैनिकांना पुन्हा उभे करण्यासाठी लष्कराने स्त्रियांची एक तुकडी तयार केली. त्यांना 'रिकन्स्ट्रक्शन एड' म्हणत. इंग्लंडमध्ये शिकून आलेल्या मेरी मॅकमिलन १९१८मध्ये वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयात रुजू झाल्या आणि पुढे ओरेगनमधल्या रीड कॉलेजात त्यांनी अशा स्त्रियांना शिकवले. १९२१मध्ये या स्त्रियांनी आपली संघटना काढली, तिच्या पहिल्या अध्यक्षही मॅकमिलनच. त्याच वर्षी मसाज आणि उपचारात्मक व्यायामावरचे त्यांचे पुस्तक आले. तेव्हाचे शिक्षण काही महिन्यांचे होते. काय करायचे ते डॉक्टर लिहून देत आणि या स्त्रिया ते बिनबोभाट करत.

नंतर पोलिओ आला. आजारी पोराचे हातपाय फळ्या बांधून स्थिर ठेवायचे, अशी तेव्हाची रीत होती. एलिझाबेथ केनी ही ऑस्ट्रेलियन परिचारिका १९४०मध्ये अमेरिकेत आली आणि तिने नेमके उलटे सांगितले: गरम ओल्या कापडांनी शेका आणि स्नायू हलवा. सुरुवातीला डॉक्टरांनी तिला उडवून लावले, पण मिनियापोलिसमध्ये १९४२मध्ये तिच्या नावाची संस्था उभी राहिली. तिची सगळी उपपत्ती काही टिकली नाही. रुग्णाला लवकर हलते करावे हा आग्रह मात्र टिकला.

पुढे प्रमाणपत्राची पदवी झाली, पदवीची मास्टर्स. नेब्रास्कातल्या क्रेटन विद्यापीठाने १९९३मध्ये नव्याने शिरणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी थेट डीपीटी सुरू केली. तिची पहिली तुकडी १९९६मध्ये बाहेर पडली. २०००मध्ये राष्ट्रीय संघटनेने 'व्हिजन २०२०' मंजूर करून सगळ्या व्यवसायालाच डॉक्टरेटच्या पातळीवर न्यायचे ठरवले, आणि २०१५ संपेपर्यंत सर्व अभ्यासक्रमांना डीपीटी देणे बंधनकारक झाले. शंभर वर्षांच्या आत काही महिन्यांच्या वर्गाची डॉक्टरेट झाली.

तीन वर्षांत शिकवतात काय?

साधारण ऐंशी टक्के वेळ वर्गात आणि प्रयोगशाळेत जातो, उरलेला वीस टक्के प्रत्यक्ष रुग्णांसमोर. पहिल्या वर्षाचा धसका म्हणजे शरीररचना. पुष्कळ विद्यापीठांत विद्यार्थी स्वतः शवविच्छेदन करतात. काखेतला मज्जातंतूंचा गुंता सोडवणे ही त्यातली नावाजलेली परीक्षा. मानेतून आणि छातीच्या वरच्या भागातून निघालेल्या पाच मुळांतून हाताच्या साऱ्या नसा तयार होतात. चरबी अलगद बाजूला करत गेले की शेवटी तीन नसा इंग्रजी 'एम'च्या आकारात मांडलेल्या दिसतात. तो 'एम' सापडला की बाकीच्या नसा ओळखता येतात. पुढे हातात मुंग्या येतात म्हणणारा रुग्ण समोर बसतो, तेव्हा दोष मानेत, काखेत, कोपरात की मनगटात हे शोधताना हाच नकाशा कामी येतो.

त्याबरोबर मोजमाप. गुडघा किती अंशांत वाकतो ते गोनिओमीटरने मोजायचे, स्नायूची ताकद शून्य ते पाच अशी ठरवायची, चालताना कुठले पाऊल किती वेळ जमिनीवर टेकते ते डोळ्यांनी टिपायचे. म्हाताऱ्या माणसाचा तोल जोखण्याची एक चाचणी फारच साधी आहे: खुर्चीतून उठायचे, तीन मीटर चालायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका गृहीत धरतात. घड्याळ आणि खुर्ची एवढ्या साहित्यात होणारी ही तपासणी आपल्या घरातल्या आजी-आजोबांचीही करता येईल. सोबतीला कोणीतरी उभे असले म्हणजे झाले.

प्रात्यक्षिक परीक्षेची शिस्त मात्र कडक. समजा, अर्धांगवायू झालेल्या रुग्णाला पलंगावरून व्हीलचेअरवर न्यायचे आहे. रुग्णाची भूमिका करायला वर्गमित्र पलंगावर बसतो. व्हीलचेअर त्याच्या धडधाकट बाजूला तिरकी लावायची, ब्रेक लावायचे, पायपट्ट्या बाजूला करायच्या, कमरेला पट्टा बांधायचा, लुळ्या पायाचा गुडघा आपल्या गुडघ्याने अडवायचा, मग 'एक, दोन, तीन' म्हणून उठवायचे. बाकी सगळे अचूक जमले आणि ब्रेक लावायचा राहिला, तर बहुतेक ठिकाणी तिथेच नापास. गुण कापण्याचा प्रश्नच येत नाही, कारण खऱ्या रुग्णाच्या बाबतीत तेवढ्यावर मांडीचे हाड मोडते.

दुसऱ्या वर्षात मेंदू व मज्जासंस्था, हृदय-फुप्फुसे, लहान मुले, जखमांची निगा, औषधशास्त्र आणि एक्स-रे, एमआरआय यांची ओळख हे विषय येतात. तिसऱ्या वर्षाचा मोठा भाग रुग्णालये, दवाखाने आणि शुश्रूषागृहांत जातो. तिथे पाठ्यपुस्तकात नसलेला हिशेबही शिकावा लागतो. मेडिकेअर या वृद्धांच्या सरकारी विम्यात बऱ्याचशा उपचारांचे बिल पंधरा मिनिटांच्या एककात होते, आणि निदान आठ मिनिटे काम झाले तरच पहिले एकक धरतात. रुग्णाशी बोलताना एक डोळा घड्याळावर ठेवायची सवय नव्या पोरांना पहिल्या आठवड्यातच लागते.

डॉक्टरेटचे खरे कारण

आता मूळ प्रश्न. एवढे सगळे मास्टर्समध्ये बसत नव्हते का? बरेचसे बसत होते. फरक पडला तो रुग्ण कोणत्या दाराने येतो यामुळे. पूर्वी रुग्ण आधी डॉक्टरकडे जाई आणि चिठ्ठी घेऊन फिजिओकडे येई. निदान झालेले असे. गेल्या काही दशकांत एकेका राज्याने कायदे बदलले आणि आता अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत रुग्ण कमी-अधिक अटींवर चिठ्ठीशिवाय थेट फिजिओथेरपिस्टकडे जाऊ शकतो. विमा कंपन्या वेगळे कागद मागतात ते निराळे. कायद्याने दार उघडे आहे.

दार उघडले की जबाबदारीही आत येते. कंबर धरली म्हणून आलेल्या दहांपैकी बहुतेकांना हालचाल आणि व्यायाम यांनी बरे वाटेल. पण एखाद्याला मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा असतो, लघवी अडते किंवा कळत नाही. तिथे व्यायामाची गोष्टच काढायची नाही. मणक्याच्या तळाशी नसांच्या झुबक्यावर दाब आलेला असू शकतो आणि रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात धाडावे लागते. उशीर झाला तर मूत्राशयावरचा ताबा कायमचा जातो. लांबच्या विमानप्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजून दुखते आहे? ती चोळायची नाही, आत रक्ताची गुठळी असू शकते. उजवा खांदा दुखतो, पण खांदा कसाही फिरवला तरी दुखणे बदलत नाही, आणि तेलकट जेवणानंतर मात्र वाढते? मग पित्ताशयाचा विचार करायचा. डावा खांदा आणि सोबत दम लागत असेल, तर हृदयाचा.

डीपीटीच्या अभ्यासक्रमात या 'धोक्याच्या खुणा' पुन्हा पुन्हा घोटून घेतात. कुठल्या दुखण्याला हात लावायचा हे जुन्या मास्टर्सवाल्यालाही उत्तम येत होते. कुठल्या दुखण्याला हात न लावता पुढे पाठवायचे, आणि ते चिठ्ठीच्या आधाराशिवाय, स्वतःच्या सहीवर ठरवायचे, ही वाढलेली वर्षे प्रामुख्याने त्यासाठी आहेत. या पदवीच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा माझ्या मते हाच.

शिक्षण संपल्यावर राष्ट्रीय परवाना परीक्षा असते. संगणकावर, तासन्‌तास चालणारी, बहुपर्यायी. गुण २०० ते ८०० या मापावर देतात, उत्तीर्ण व्हायला ६०० लागतात, आणि जन्मभरात सहाच संधी मिळतात. त्यानंतर राज्याचा परवाना. कोणाला पुढे क्रीडा, मज्जासंस्था किंवा बालरोग यात खास तयारी करायची असेल तर साधारण वर्षभराची रेसिडेन्सी करता येते; ती ऐच्छिक आहे.

पैशाचे गणित

इथे मात्र पदवीचे समर्थकही आवाज खाली आणतात. २०२०च्या सुमारास व्यावसायिक संघटनेने घेतलेल्या आढाव्यात नव्या पदवीधरांच्या डोक्यावरचे एकूण शैक्षणिक कर्ज सरासरी दीड लाख डॉलरच्या घरात होते. फिजिओथेरपिस्टचे मध्यम वार्षिक वेतन एक लाख डॉलरच्या आसपास आहे. ऐकायला छान, पण वैद्यकीय डॉक्टर कर्ज काढून पुढे त्याच्या कितीतरी पट कमावतो, फिजिओ कमावत नाही. पदवी मास्टर्सची डॉक्टरेट झाली म्हणून विमा कंपन्यांनी उपचाराचा दर वाढवला नाही.

त्यात २०२५च्या नव्या कायद्याने पदव्युत्तर शिक्षणाच्या सरकारी कर्जावर मर्यादा आणल्या: सर्वसाधारण अभ्यासक्रमांना एकूण एक लाख डॉलर, 'व्यावसायिक' पदव्यांना दोन लाख. नोव्हेंबर २०२५मध्ये शिक्षण खात्याच्या प्रक्रियेतून 'व्यावसायिक' पदव्यांची जी यादी पुढे आली, तिच्यात वैद्यक, दंतवैद्यक, कायदा, फार्मसी होते, अगदी धर्मशास्त्रही होते, फिजिओथेरपी नव्हती. डॉक्टरेटची सक्ती झालेला व्यवसाय कर्जाच्या खिडकीवर मात्र सर्वसाधारण ठरत होता. आपल्याकडून जाणाऱ्या विद्यार्थ्याला तर हे सरकारी कर्ज मिळतच नाही. त्याला खाजगी कर्ज, नाहीतर घरचे पैसे.

मराठी मुलामुलींसाठी

आपला या विषयाशी संबंध जुना आहे. अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी लग्नानंतर कमला निंबकर झाल्या आणि १९५०मध्ये त्यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली. आशियातली ती पहिली मानतात. त्यानंतर लवकरच केईएममध्येच फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. आज महाराष्ट्रात नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली बीपीटीची अनेक महाविद्यालये आहेत आणि तिथले पदवीधर अमेरिकेत बरेच आहेत.

बीपीटी झालेल्याने पुन्हा तीन वर्षांची डीपीटी करायलाच हवी असे नाही. आपले शिक्षण तिथल्या मापाने तपासून घ्यायचे, कमी पडलेले विषय भरून काढायचे, इंग्रजीची परीक्षा द्यायची आणि मग परवाना परीक्षेला बसायचे, हा मार्ग आहे. आधीच फिजिओथेरपिस्ट असलेल्यांसाठी छोटी, 'ट्रान्झिशनल' डीपीटीही असते. व्हिसाच्या बाबतीत एक सोय आहे: ग्रीन कार्डासाठी परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट यांची 'शेड्यूल ए' अशी वेगळी यादी आहे. 'अमेरिकन माणूस मिळत नाही' हे मालकाला त्यांच्यासाठी नव्याने सिद्ध करावे लागत नाही. भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग त्याने आखूड होत नाही, हे मात्र एजंट सांगायला विसरतात.

अजून एक गोष्ट ते सांगत नाहीत. २०१०मध्ये परवाना परीक्षेचे प्रश्न बाहेर फुटत असल्याच्या कारणावरून परीक्षा मंडळाने भारत, पाकिस्तान, इजिप्त आणि फिलिपिन्समधल्या महाविद्यालयांच्या पदवीधरांना सरसकट परीक्षेला बसू देणे थांबवले. पुढच्या वर्षी त्यांच्यासाठी वर्षातून एकदाच होणारी वेगळी परीक्षा काढली. प्रश्न पाठ करून विकणारे मूठभर, पण वर्षे वाया गेली ती सरळ अभ्यास करणाऱ्यांची. 'आठवलेल्या प्रश्नांचा' गठ्ठा कोणी देऊ केला तर त्यापासून चार हात लांब राहावे, ते यासाठी.

इकडे आपल्याकडेही हाच वाद वेगळ्या रूपात चालू आहे. २०२१च्या कायद्याने फिजिओथेरपीसह संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आला. सप्टेंबर २०२५मध्ये फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी 'डॉ.' लावू नये असे पत्र केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने काढले आणि लगोलग मागेही घेतले. दोन्ही बाजूंनी भरपूर शाई सांडली. त्या गदारोळात कळीचा प्रश्न मागे पडला: थेट आलेल्या रुग्णाची पहिली तपासणी करण्याइतके शिक्षण आपण बीपीटीच्या विद्यार्थ्याला देतो का? देत असू तर बिरुदाचा वाद दुय्यम आहे. देत नसू तर बिरुद लावून रुग्णाचे काही भले होणार नाही.

म्हणून परदेशी डीपीटीचा विचार करणाऱ्यांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. अभ्यासक्रमाला तिथल्या अधिस्वीकृती मंडळाची मान्यता आहे का? पदवीधरांपैकी किती जण परवाना परीक्षा पहिल्या फटक्यात उत्तीर्ण होतात? आणि एकूण कर्ज पहिल्या वर्षाच्या पगाराच्या किती पट होणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मान्यताप्राप्त संस्था उघडपणे देतात. जी टाळाटाळ करते तिचा नाद सोडावा. तिसरे गणित ज्याचे त्याने घरी बसून करायचे. ते दीडपटीच्या वर जात असेल, तर बीपीटीच्या जोरावर परवाना परीक्षा देण्याची वाट आधी धुंडाळावी. परवाना दोन्ही वाटांनी मिळू शकतो, फेडायचे हप्ते मात्र एकाच वाटेवर आहेत.