वीस मिनिटांचा डोळा

१९९७ सालच्या मार्चअखेरीस माझ्या बँकेत वार्षिक हिशेबांची धांदल होती आणि वडाळ्याच्या आमच्या गच्चीवर धूमकेतूची. हेल-बॉप हा पाहुणा संध्याकाळी वायव्येला, माटुंग्याच्या दिशेला, शहराचे दिवे असूनही साध्या डोळ्यांनी दिसे. मी घरी पोचेपर्यंत तो मावळलेला असे. वडील, म्हणजे आमचे अण्णा, दारातच सांगत, ''आजही होता.''

क्लोजिंग संपलं आणि पाडव्याच्या आधीच्या शनिवारी आम्ही तिघे मित्र दुर्बीण घेऊन वांगणीला निघालो. खगोल मंडळाच्या आकाशदर्शनांमुळे हे गाव मुंबईकरांना ठाऊक झालेलं. अण्णाही बरोबर आले. धूमकेतू एकदा दुर्बिणीतून पाहायचा, एवढीच त्यांची मागणी. कुर्ल्याला गाडी बदलताना दुर्बिणीचा स्टँड त्यांनीच सांभाळला.

आम्हाला मात्र फोटो हवा होता. अंधूक शेपटी फिल्मवर उमटायची तर शटर वीस मिनिटं उघडं ठेवायला हवं. पण पृथ्वी फिरते, म्हणून आकाश सरकतं. दोन मिनिटांत तारा चंद्रबिंबाच्या रुंदीइतका पुढे जातो. यावर उपाय असा, की दुर्बिणीचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखायचा, म्हणजे मुंबईत क्षितिजापासून सुमारे १९ अंश वर, आणि मोटरने तिला आकाशाच्या गतीने फिरवायचं. एवढं करूनही फरक राहतोच. ध्रुवतारा नेमका ध्रुवबिंदूवर नाही. मोटरच्या चाकांचे दाते अगदी सारखे नसतात. क्षितिजाजवळची हवा प्रकाश वाकवते. चूक केसाएवढी, पण वीस मिनिटांत तिची रेघ होते.

म्हणून कॅमेरा दुर्बिणीच्या पाठीवर बांधतात आणि एक जण दुर्बिणीला डोळा लावून बसतो. आत उजळलेली बारीक फुली असते. तिच्यावरून तारा हलला, की बटण दाबून त्याला हळूच परत आणायचं. हेच गायडिंग. अमेरिकेत माउंट विल्सनला मिल्टन ह्यूमसन रात्ररात्र असाच बसे. खेचरं हाकणारा हा माणूस पुढे वेधशाळेत आला, आणि त्याने टिपलेल्या वर्णपटांमुळे विश्व प्रसरण पावतं या हबलच्या निष्कर्षाला बळ मिळालं.

धूमकेतू ताऱ्यांमधूनही सरकत असतो, म्हणून आम्ही फुलीवर त्याचं डोकंच धरलं. माझा हात स्थिर, तेव्हा ते काम माझ्याकडे. पहिला प्रयत्न फसला होता. दुसऱ्यात निम्मा वेळ झाला असेल, तेवढ्यात मागून अण्णा म्हणाले, ''जरा बघू दे रे.''

''थांबा अण्णा, धक्का लागेल.''

ते पुन्हा बोलले नाहीत. शटर मिटलं, कॅमेरा सोडवला, मी उठून त्यांना बसवलं, तोवर धूमकेतूचं डोकं डोंगराआड गेलं होतं. परतीच्या गाडीत त्यांनी स्टँड पुन्हा मांडीशी धरला.

फोटो उत्तम आला. अण्णांनी चष्मा पुसून तो पाहिला. ''या रेघा कसल्या?''

''तारे आहेत. धूमकेतू धरून ठेवला, म्हणून तारे सरकले.''

''हं,'' म्हणाले, आणि विठोबाच्या तसबिरीशेजारी त्यांनीच खिळा ठोकला.

आता हे सगळं यंत्र करतं. परवा शेजारच्या मुलीबरोबर शहराबाहेर गेलो होतो. दुसऱ्या लहान दुर्बिणीवरचा इवलासा कॅमेरा दर दोन-तीन सेकंदांनी एका ताऱ्याची जागा तपासतो, आणि संगणक मोटरला हळूच ढकलतो. मात्र ताऱ्याच्या प्रत्येक लुकलुकीमागे धावू नकोस, असं त्यालाही बजावावं लागतं. नाहीतर तो हवेचाच पाठलाग करत बसतो. हबल दुर्बीणही अंतराळात असे वाटाडे तारे धरूनच रोख सांभाळते.

''काका, आता अर्धा तास आपल्याला काही काम नाही,'' ती म्हणाली. मी मान वर केली. त्या रात्री वांगणीला वीस मिनिटं मी फक्त एक ठिपका पाहिला होता. शेपटी मीही नंतर फोटोतच पाहिली.

हेल-बॉप आता दोन हजारांहून अधिक वर्षांनी येईल. अण्णा नाहीत. जवळच एक म्हातारे शेतकरी आमचा खटाटोप पाहत उभे होते. आमच्याकडे तिसरी, साधी दुर्बीण होती. ती गुरूवर लावली आणि त्यांना म्हटलं, ''या, आधी तुम्ही बघा.''