जुन्या मालमोटारींत जादा काटे कोठें बसवावे ?

उंसाच्या ओझ्याखालीं जुन्या मालमोटारीचें इंजिन तापून जळतें, तें बहुधा चालकास वेळींच न कळल्यामुळें. यास्तव तेलाच्या दाबाचा व पाण्याच्या उष्णतेचा, असे दोन जादा काटे बसविणें इष्ट होय. प्रश्न जागेचा. आम्ही प्रथम ते चालकाशेजारील इंजिनाच्या झांकणावर बसविले. तेथें ते हादऱ्यानें नाचत. शिवाय झांकण उघडतांना तेलाची नळी निखळून कढत तेल पायावर उडालें! आतां ते सुकाणूच्या उजवीकडे, दर्शनी फळीवर आहेत. मान न वळवितां दिसतात व रस्ताही झांकीत नाहींत. तेलाची नळी आंत मुळींच आणूं नये. विजेवर चालणारा काटा घ्यावा, म्हणजे केवळ तार आणावी लागते. उष्णतेच्या काट्याची नळी मात्र बंद असते. ती कापल्यास काटा कायमचा निकामी होतो. उरलेली नळी मोठें वेटोळें करून बांधावी, आणि पत्र्याच्या भोकास रबराचें कडें घालण्यास विसरूं नये.