कुस्तीतील निष्क्रियतेचा दंड : एक अर्थविचार

मराठीत ‘दंड’ हा शब्द तालमीतही नांदतो आणि न्यायसभेतही. पैलवान दंड काढतो, प्रतिस्पर्ध्यासमोर दंड थोपटतो आणि नियम मोडला तर दंड भरतो. संस्कृतात या शब्दाचा मूळ अर्थ काठी. शासनाच्या हातातील काठीवरून शिक्षेचा अर्थ आला. बाहूचा व व्यायामाचा अर्थही त्याच शब्दाभोवती रुजला. प्रस्तुत लेखात यांपैकी शिक्षेच्या अर्थाचाच, तोही कुस्तीपुरता, विचार करावयाचा आहे. निषिद्ध पकड केल्याबद्दल दंड व्हावा हे कोणासही पटते. परंतु आधुनिक कुस्तीत काहीच न केल्याबद्दलही दंड होतो. तो का होतो आणि कसा टाळता येतो, हा आपला प्रश्न होय.

हा प्रश्न आपल्या परिसराला अपरिचित नाही. २९ जानेवारी ते २ फेब्रुवारी २०२५ या काळात अहिल्यानगरच्या वाडिया पार्क मैदानावर महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. गादी विभागातील निर्णायक लढतीत शिवराज राक्षे चितपट झाल्याचा निर्णय पंचांनी पृथ्वीराज मोहोळ यांच्या बाजूने दिला. राक्षे यांना तो मान्य झाला नाही आणि वादाचे पर्यवसान पंचांशी गैरवर्तन होण्यात झाले. पुढे अंतिम लढतीतही गुणांवरून वाद होऊन महेंद्र गायकवाड यांनी वेळ संपण्यापूर्वीच मैदान सोडले. किताब मोहोळ यांना मिळाला आणि उरलेल्या दोघांच्या तीन वर्षांच्या निलंबनाची घोषणा झाली. पैलवानाच्या आयुष्यातील उमेदीची वर्षे मोजकीच असतात. त्यांतली तीन म्हणजे काय, हे सांगावयास नको. निर्णय योग्य की अयोग्य, यात येथे शिरावयाचे नाही. पंचाचा शब्द कोणत्या प्रकारचा शब्द असतो, एवढेच त्यावरून पाहावयाचे आहे.

प्रथम जुनी पद्धती घेऊ. जिल्ह्यातील गावोगावच्या यात्रांत कुस्त्यांचा हगामा भरतो. त्यातील निकाली कुस्तीला गुण नसतात. पाठ मातीला लागली की निकाल लागला. निकाल लागत नसेल तर पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात. अशा कुस्तीत थांबणे हा दोष नव्हे, ती कला होय. प्रतिस्पर्ध्याला अंगावर घेऊन दमवावे, त्याचा श्वास फुलू द्यावा आणि मग घिस्सा वा ढाक टाकावी, ही वस्तादांची शिकवण. प्रेक्षक फार तर ओरडतील, पण थांबल्याबद्दल कोणी गुण कापीत नाही.

गादीवरची व्यवस्था निराळी आहे. वरिष्ठ गटाची लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन डावांची असते. फ्रीस्टाइल प्रकारात जो मल्ल पुढाकार घेत नाही त्याला पंच प्रथम समज देतो. तोच दोष पुन्हा दिसला तर त्या मल्लावर तीस सेकंदांचे घड्याळ लावले जाते. त्या अवधीत कोणीच गुण मिळविला नाही, तर प्रतिस्पर्ध्यास एक गुण मिळतो. वर्तुळाच्या कडेला नारंगी पट्टा असतो. त्यापलीकडे पाय पडला तरी गुण जातो. पकड टाळून पळणे किंवा मुद्दाम गादीबाहेर जाणे याबद्दल गुणासह ताकीद मिळते आणि तीन ताकिदी झाल्या की लढतच हातची जाते.

व्याकरणाच्या अभ्यासकाला येथे पाणिनीचा लोप आठवावा. लोप म्हणजे अदर्शन. परंतु जेथे काही दिसणे अपेक्षित असते तेथेच न दिसण्याला अर्थ येतो. जेथे प्रत्ययाची अपेक्षाच नाही तेथे प्रत्ययाचा लोप झाला असे आपण म्हणत नाही. निष्क्रियतेचे नेमके असेच आहे. वेळेची मर्यादा नसलेल्या कुस्तीत स्थिर उभे राहणे काहीच सांगत नाही. सहा मिनिटांच्या कुस्तीत कृतीची अपेक्षा प्रत्येक क्षणाला असते, म्हणून तीच स्थिरता ‘हा लढत नाही’ असे सांगू लागते.

जपानी परंपरेतून निघून विसाव्या शतकात ब्राझीलमध्ये वाढलेल्या जिउ-जित्सू या मल्लविद्येत ही गोष्ट अधिकच स्पष्ट दिसते. तिच्या प्रमुख आंतरराष्ट्रीय नियमांत सलग वीस सेकंद डाव पुढे न नेणाऱ्यास दंड आहे. पहिल्या दंडाची नोंद होते, दुसऱ्याने प्रतिस्पर्ध्यास अनुकूलता मिळते, तिसऱ्याने दोन गुण मिळतात आणि चौथ्याने खेळाडू बाद होतो. मात्र प्रतिस्पर्धी छातीवर वा पाठीवर स्वार होऊन हल्ला करीत असता खाली सापडलेला खेळाडू केवळ बचाव करीत राहिला, तर त्याला निष्क्रिय ठरविले जात नाही. त्या स्थितीत त्याच्याकडून पुढाकाराची अपेक्षाच नसते. म्हणून त्याच्या स्थिरतेला दोषाचा अर्थ येत नाही.

यावरून दंड टाळण्याचा मार्गही उलगडतो. पंचाला मल्लाचे मन दिसत नाही. त्याला हालचाल दिसते आणि तीवरून तो हेतू वाचतो. यास्तव कृती नुसती असून भागत नाही, ती वाचता आली पाहिजे. वर्तुळाचा मध्य धरावा. पहिला स्पर्श आपला असावा. मान खाली घालून नुसती बोटे धरून राहू नये. पट काढावयास गेल्यास अर्ध्यावरून परतू नये, कारण अर्धवट हल्ला पंचाला बहाण्यासारखा दिसतो. कडेला रेटले गेल्यास सरळ मागे न सरता बाजूने वळावे. शेवटच्या मिनिटात आघाडी असली तरी पळू नये. आघाडी राखणे आणि पळणे यांतील भेद मल्लाच्या मनात कितीही स्पष्ट असला तरी बाहेरून तो दिसत नाही.

आता पंचाच्या शब्दाकडे वळू. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने दाखवून दिले की काही उच्चार वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, ते वस्तुस्थिती घडवितात. प्रेक्षकाने ‘चितपट’ म्हटले तर ते वर्णन. पंचाने म्हटले तर तो निवाडा. वर्णन चुकीचे असेल तर ते कोणीही खोडू शकतो. निवाडा मात्र नियमाने नेमलेल्या उच्चारानेच खोडता येतो. गादीवर तो उच्चार म्हणजे प्रशिक्षकाने मागितलेला फेरतपास. त्यालाही किंमत आहे : मागणी फेटाळली गेल्यास प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. त्याबाहेरचा निषेध, मग तो कितीही सकारण असो, निवाड्याला स्पर्श करीत नाही. तो स्वतंत्र अपराध मात्र ठरतो. अर्थात याची दुसरी बाजूही आहे. आपला शब्द सत्य घडवितो हे ज्याला ठाऊक आहे, त्या पंचाने तो अधिक जपून उच्चारला पाहिजे आणि फेरतपासाची वाट मल्लाला खरोखर मोकळी ठेवली पाहिजे.

१९४८ साली लंडनला गेलेले खाशाबा जाधव मातीत घडलेले मल्ल होते. तेथे गादीवर त्यांना सहावे स्थान मिळाले. चार वर्षांनी हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक जिंकले. मधल्या काळात त्यांनी बळाबरोबर गादीची भाषाही कमावली, असे म्हणावयास हरकत नसावी. आजही हगाम्यातून स्पर्धेत येणाऱ्या मुलाला डावांबरोबर ही भाषा शिकवावी लागेल. तालमीत दंड काढून घेणे जितके आवश्यक, तितकेच गादीवरचा दंड का होतो हे त्याला समजावून सांगणेही आवश्यक होय.