जाफरान, उदासी आणि आपला बाजार

केशर म्हणजेच जाफरान आता बिर्याणी, मिठाई आणि गरोदर बाईच्या दुधापुरते राहिलेले नाही. कॅप्सूलमध्ये भरून ते उदासीवरचा, म्हणजे डिप्रेशनवरचा उपाय म्हणून विकले जाते. सुक्या मेव्याच्या आणि जडीबुटीच्या दुकानांत गिऱ्हाईक त्याबद्दल विचारते. अशा वेळी दुकानदाराने काय सांगावे, हा धंद्याच्या इमानाचा प्रश्न आहे.

या दाव्याला आधार नाही असे नाही. इब्ने सिनाने जाफरानला दिल खुश करणारी दवा, म्हणजे मुफर्रेह म्हटले होते. इराणात तेहरानच्या वैद्यकीय विद्यापीठातील डॉ. शाहीन अखुंदजादेह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गोष्ट रुग्णांवर तपासली. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 30 रुग्ण होते. काहींना रोज 30 मिलिग्रॅम केशराचा अर्क आणि बाकीच्यांना इमिप्रामीन ही जुनी गोळी, असे सहा आठवडे दिले. दोन्हीकडे आराम जवळजवळ सारखा पडला. 2005 साली 40 रुग्णांवर फ्लुऑक्सेटीनशी तुलना केली, तेव्हाही असेच दिसले. मात्र हे रुग्ण सौम्य ते मध्यम आजाराचे होते, त्यांची संख्या थोडी होती आणि मुदत सहाच आठवड्यांची. जो माणूस जेवण सोडून बसला आहे, ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार येतात, त्याला केशराची डबी देणे म्हणजे त्याचा वेळ घालविणे होय. त्याला ताबडतोब डॉक्टरकडेच न्यावे.

आमच्या कापडवाल्यांना यातली एक गोष्ट चटकन समजेल. केशराचा रंग ज्या द्रव्यामुळे येतो ते क्रोसिन, आणि वास येतो सॅफ्रनलमुळे. मनावरच्या परिणामाचे श्रेयही संशोधक मुख्यतः या दोघांनाच देतात. म्हणजे ज्या मालात रंग खोटा, त्यात दवाही खोटी. भेसळ करणारे करडईच्या फुलांच्या पाकळ्या किंवा मक्याच्या कणसाचे केस रंगवून मिसळतात. (करडईच्या फुलाला नावे ठेवण्याचे कारण नाही; कुसुंबी रंग त्याचाच. पण ते केशर नव्हे.) कच्चा रंग ओळखायला आम्ही कापड भिजवून पाहतो, तसेच येथेही करावे. दोन काड्या कोमट पाण्यात टाकाव्यात. अस्सल काडी सावकाश सोनेरी पिवळा रंग सोडते आणि स्वतः बराच वेळ लाल राहते. रंगवलेली काडी लगेच लाल पाणी करते आणि फिकी पडते. ही दुकानातली परीक्षा झाली. मोठा माल घेताना प्रयोगशाळेचा दाखला मागावा.

एक किलो केशराला सुमारे दीड लाख फुले लागतात आणि प्रत्येक फुलातून तीनच तंतू निघतात. त्यामुळे फार स्वस्त माल दिसला की शंका घ्यावी. जगातला बहुतेक माल इराणच्या खुरासान भागातून येतो. आपल्याकडे काश्मीरमधील पाम्पोरचे केशर नावाजलेले आहे; काश्मिरी केशराला 2020 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. इराणी माल काश्मिरी म्हणून विकणे ही या धंद्यातली जुनी चाल आहे.

आणखी एक गोष्ट. चाचणीत वापरला तो मोजून दिलेला अर्क होता, चिमूटभर काड्या नव्हत्या. दुधात घातलेल्या केशराने डिप्रेशन बरे होते, असे त्यावरून सिद्ध होत नाही. वनस्पतीची दवा म्हणजे निर्धोक, हेही खरे नाही. युरोपात उदासीवर घेतल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीमुळे गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधे आणि अवयवरोपणानंतरची औषधे यांचा असर कमी होतो. गिऱ्हाईक आधीच डिप्रेशनची गोळी घेत असेल, तर ती स्वतःहून बंद करू नये आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय केशराची कॅप्सूल जोडू नये, असे त्याला साफ सांगावे. गरोदर बाईला अशी कॅप्सूल देऊच नये.

पाटी लावतानाही जपावे. मेंदूचे आणि मज्जासंस्थेचे आजार बरे करण्याची जाहिरात 1954 च्या जादुई उपाय कायद्यात अडकू शकते. पाटीवर केशर, त्याची जात, वजन आणि भाव एवढेच लिहावे.