प्रतिदीप्त धातू-नॅनोपुंज व जैवरेणूंचे अभिज्ञान

प्रस्तावना :
रोगनिदानात अत्यल्प प्रमाणातील विशिष्ट रेणू असंख्य इतर रेणूंमधून ओळखावा लागतो. त्यासाठी प्रतिदीप्त सेंद्रिय रंगद्रव्ये दीर्घकाळ वापरली जात आहेत; परंतु सततच्या प्रकाशात त्यांपैकी अनेकांची दीप्ती मंदावते. कॅडमियमयुक्त क्वांटम डॉट अधिक टिकाऊ असले, तरी त्यांच्या विषारीपणाची शंका उरते. या पार्श्वभूमीवर सोने व चांदीच्या नॅनोपुंजांचे महत्त्व स्पष्ट होते.

दीप्तीचे कारण :
१९६९ मध्ये मूरॅडियन यांनी घन सोन्याची प्रकाशदीप्ती नोंदविली. मात्र ती इतकी क्षीण होती, की सुमारे १,००० कोटी शोषित फोटॉनांमागे एकच फोटॉन बाहेर पडत असे. कणाचा आकार साधारणतः २ नॅनोमीटरपेक्षा कमी झाल्यास इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या अखंड न राहता सुट्या होतात. असा पुंज धातूऐवजी रेणूसारखा वागतो व त्याची दीप्ती कित्येक पटींनी वाढते. याउलट, सोन्याचे मोठे नॅनोकण जवळच्या रंगद्रव्याची दीप्ती शमवितात.

निर्मिती व उपयोग :
२००९ मध्ये शिए, झेंग व यिंग यांनी गायीच्या रक्तरसातील अल्ब्युमिन या प्रथिनाच्या साहाय्याने, अल्कधर्मी द्रावणात ३७ अंश सेल्सिअसला, सोन्याच्या २५ अणूंचे तांबडी दीप्ती देणारे पुंज तयार केले. येथे प्रथिन हेच क्षपणकारक व संरक्षक अशी दुहेरी भूमिका बजावते. तत्पूर्वी २००४ मध्ये पेटी, डिक्सन व सहकाऱ्यांनी डीएनएच्या साच्यावर चांदीचे पुंज घडविले होते. २०१० मध्ये ये व सहकाऱ्यांनी त्याचा पुढचा उपयोग दाखविला. लक्ष्य डीएनए जुळताच चांदीचा मंद पुंज ग्वानिनबहुल साखळीजवळ येतो आणि त्याची तांबडी दीप्ती सुमारे ५०० पट वाढते.

मर्यादा :
अनेक पद्धतींत दीप्ती घटणे हीच खूण मानली जाते. तथापि, ग्लुटाथायोन, सिस्टीन यांसारखे गंधकयुक्त रेणू किंवा पाऱ्याचे आयनही पुंजांची दीप्ती बदलू शकतात. त्यामुळे शुद्ध द्रावणातील यश रक्तरसात टिकेलच असे नाही.

निष्कर्ष :
दीप्ती घटली म्हणजे अपेक्षित रेणू सापडला, असा निष्कर्ष घाईचा ठरतो. प्रत्यक्ष नमुन्यातील नियंत्रण-प्रयोग व शक्य तेथे दीप्ती वाढविणारी रचना यांवरच या तंत्राची विश्वासार्हता अवलंबून आहे. कारण चुकीच्या निदानाची किंमत अखेर रुग्णालाच मोजावी लागते.