प्रयोगशाळेत हादरणारा डोंगर

१२ मे २००८ रोजी चीनच्या सिचुआन प्रांतात वेनचुआनचा भूकंप झाला आणि हजारो डोंगरउतार ढासळले. तांगजियाशान इथली दरड नदीत कोसळून पाणी अडलं, मोठा तलावच तयार झाला. तेव्हापासून चीनमध्ये थरांच्या खडकांचे उतार प्रयोगशाळेत, हलत्या मंचावर तपासण्याला जोर आला.

वाळू, जिप्सम, बराइटची भुकटी अशा मिश्रणाचे थर रचून छोटा डोंगर उभा करतात. तो खऱ्याच्या शंभराव्या भागाएवढा असेल, तर हादरे साधारण दहापट जलद द्यावे लागतात. आत बसवलेली यंत्रं दाखवतात, की पायथ्यापेक्षा माथ्याजवळ हादरा बहुधा जास्त तीव्र असतो.

खरी मेख थरांच्या कलात आहे. ते उताराच्याच दिशेने कललेले असले, तर माथ्यामागे भेग पडते आणि वरचे थर तिरक्या धरलेल्या पत्त्यांसारखे घसरत सुटतात. डोंगराच्या पोटाकडे कललेले थर सहसा अधिक तग धरतात. पण तेही माथ्याकडून वाकतात, तुटतात, पुढे कलंडतात. म्हणून त्यांना सुरक्षित म्हणणं घाईचं ठरेल. शिवाय खऱ्या खडकातल्या वेड्यावाकड्या फटी आणि त्यांत मुरलेलं पाणी प्रतिकृतीत पुरतं उतरत नाही. या प्रयोगांतून दरड कशी कोसळेल ते कळतं. कधी, ते नाही.